निवेदकाखालचा धवला

सकाळी ६.३० : बेलापूर. रस्त्यावरची वर्दळ वाढायच्या आत हेडफोन लावून बसते. करावे गावातल्या एका आजींनी गायलेला धवला काल रेकॉर्ड करून आणलाय. आगरी लग्नात धवलारीण गाते, तो. पंख्याची घरघर काढून टाकली. मधली कुकरची शिट्टी मात्र ठेवली.

८.०० : चार्ल्स कोरिया यांनी १९७५ मध्ये सरकारी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘सिटी ऑन द वॉटर’ हा माहितीपट केला. मुंबई कशी तुंबलीय आणि पलीकडे नवं शहर का हवं, याची मांडणी. ते शहर म्हणजे नवी मुंबई. ते वसवणारी सिडको १९७० ची, वाशीचा खाडीपूल १९७३ चा. जमिनी गेल्या ९५ गावांच्या. त्या माहितीपटाचे तुकडे, धवला, सिंथेसायझर आणि त्या जमिनींसाठी झालेल्या १९८४ च्या आंदोलनाची वर्तमानपत्री कात्रणं असा वीस मिनिटांचा प्रयोग आम्ही बसवतोय. चित्र चालवायचं आणि संगीत वाजवायचं, दोन्ही प्रेक्षकांसमोरच.

९.३० : माहितीपटातल्या निवेदकाचा आवाज किंचित बारीक का येतोय? फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, माझी प्रत २५ ची. वेग चार टक्के वाढला की सूर जवळपास पाऊण अर्धस्वर चढतो. तो उतरवला, तेव्हा कुठे सिंथेसायझरशी जमलं. धवल्याचं दुखणं वेगळंच. त्याला ठेका धरणारं वाद्य नाही. आजी दम घेतात तिथेच ओळ तुटते. सॉफ्टवेअरमधली मात्रांची आखणी तिथे कुचकामी. शेवटी त्यांच्या श्वासावरच कट मारले.

११.३० : परवानगीच्या मेल. फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालंय. त्याबद्दल आणखी न लिहिलेलं बरं.

दुपारी १.३० : डबा खाताना सहकाऱ्याशी वाद. त्याचं म्हणणं, निवेदन काढू आणि चित्राखाली नुसता धवला लावू. जुन्या फुटेजखाली दर्दभरी सारंगी सोडली की झाला प्रयोग, असं समजणाऱ्यांतला तो नाही, पण वाट तिकडेच जाते. सरकारी आवाज गाळला तर धवला भांडणार कुणाशी? मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलासमूहाच्या ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ या फिल्ममध्ये (२०१३) खलाशांनी मोबाइलवर टिपलेली दृश्यं आहेत, आणि त्यांना खलाशांनीच जोडलेली गाणीही तशीच ठेवलीत. कुणी चकचकीत पार्श्वसंगीत चढवलेलं नाही, म्हणून तर ती माणसं जिवंत वाटतात.

४.३० : करावे. आजींना लॅपटॉपवर कच्चा कट दाखवला. स्वतःचा आवाज ऐकून त्या लाजल्या, मग म्हणाल्या, यात आमची खाडी हाय, पण शेतं कुठंयत? शेतजमिनींसाठीच्या त्या आंदोलनात, जासई परिसरातल्या गोळीबारात १९८४ च्या जानेवारीत पाच जण गेले. त्या पाचांची नावं आजींनी न विचारता घेतली. मी रेकॉर्डर चालू केला नव्हता. नावं गाण्यात घालू का, असं विचारलं तर चटकन म्हणाल्या, धवला लगनाचा असतो गं.

रात्री ९.०० : म्हणून नावं पडद्यावर नुसत्या अक्षरांत येतील, तेवढा वेळ आवाज बंद. निवेदन पूर्ण ठेवलं. धवला त्याच्याखाली सुरू होतो आणि तिसऱ्या मिनिटाला वर येतो. सहकाऱ्याला अजून पटलेलं नाही. उद्या दोन्ही आवृत्त्या हॉलच्या स्पीकरवर लावून बघायच्या.