टीव्हीवरचा भयपट : कात्रीच्या पलीकडे

टीव्हीवर भयपट लागला की 'यात काय बघायचं, सगळं कापलेलं असणार' असं आपण सहज म्हणून जातो. पण प्रक्षेपणासाठी भयपटाची होणारी पुनर्मांडणी कात्रीपुरती नसते. जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोवीन' (1978) या अमेरिकी चित्रपटाकडे पाहिलं, तर याबाबतचे बरेच गैरसमज दूर होतात.

गैरसमज : टीव्हीवरची आवृत्ती मूळ चित्रपटापेक्षा छोटीच असते.

वस्तुस्थिती : मूळ 'हॅलोवीन' सुमारे 91 मिनिटांचा. एनबीसी वाहिनीने तो 1981 मध्ये दाखवायचं ठरवलं, तेव्हा काही दृश्यं काढावी लागली आणि जाहिराती धरूनही दोन तासांची वेळ भरेना. त्या सुमारास 'हॅलोवीन 2'चं चित्रीकरण चालू होतं. कार्पेंटर यांनी त्याच काळात जवळपास 12 मिनिटांची नवी दृश्यं चित्रित करून पहिल्या चित्रपटात जोडली. त्यातल्या एका दृश्यात नायिका लॉरीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला दिसतो, कारण मधल्या तीन वर्षांत अभिनेत्री जेमी ली कर्टिस यांची केशरचना बदलली होती.

गैरसमज : फक्त रक्त आणि शिव्या जातात, कथा तीच राहते.

वस्तुस्थिती : नव्या दृश्यांपैकी एकात चित्रपटातला खुनी मायकेल याच्या मनोरुग्णालयातल्या रिकाम्या खोलीच्या दारावर 'सिस्टर' हा शब्द कोरलेला त्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लूमिस यांना दिसतो. लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचा उलगडा 'हॅलोवीन 2'मध्ये झाला. 1978 च्या चित्रपटात हे नातं नव्हतंच. मूळ चित्रपटात तो लॉरीच्या मागे का लागला याचं उत्तर मिळत नाही, आणि भीती नेमकी तिथेच आहे. टीव्हीच्या आवृत्तीने त्या भीतीला कारण देऊन टाकलं.

गैरसमज : कापाकापी वाहिनी करते, दिग्दर्शकाचा संबंध नसतो.

वस्तुस्थिती : दोन्ही प्रकार घडतात. 'द एक्झॉर्सिस्ट' सीबीएसवर 1980 मध्ये दाखवला गेला, तेव्हा विटंबना झालेल्या मूर्तीच्या जागी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी नवं दृश्य चित्रित केलं आणि सैतानाचे बदललेले संवाद स्वतःच्या आवाजात डब केले. उलट, कार्पेंटर यांच्याच 'द थिंग'ची निवेदन जोडलेली टीव्ही आवृत्ती त्यांनी कधीच आपली मानली नाही.

गैरसमज : एकही दृश्य कापलं नाही, म्हणजे चित्रपट जसाच्या तसा दिसला.

वस्तुस्थिती : 'हॅलोवीन'ची चौकट 2.35:1 इतकी रुंद आहे. जुन्या टीव्हीचा पडदा 4:3 चा. तो पूर्ण भरायचा तर चित्राचा दोनपंचमांशाहून जास्त भाग बाहेर जातो. कुठला भाग ठेवायचा ते तंत्रज्ञ प्रसंगागणिक ठरवत. मायकेल अनेकदा चौकटीच्या कडेला, अंधारात उभा असतो. कडाच गेल्या, तर प्रेक्षकाची नजर त्याला शोधणार कुठे?

गैरसमज : लांबी कमी भरली, म्हणजे काहीतरी कापलंच.

वस्तुस्थिती : चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो. भारत आणि युरोपातल्या टीव्ही पद्धतीत तो बहुधा 25 चौकटींच्या वेगाने दाखवला जातो. त्यामुळे एकही दृश्य न गाळता 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो.

गैरसमज : आपल्याकडे वाहिन्या 'ए' प्रमाणपत्राचा भयपट स्वतःच कापून दाखवतात.

वस्तुस्थिती : मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 मधल्या आदेशानंतर प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवणं थांबलं. असा चित्रपट दाखवायचा तर बदल करून सेन्सॉर बोर्डाकडून नव्याने प्रमाणपत्र घ्यावं लागतं. टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र देण्याची तरतूद 2023 च्या दुरुस्तीने कायद्यातच आली आहे.

टीव्हीवर दिसणारा भयपट ही त्या चित्रपटाची वेगळी आवृत्ती असते. ती जरूर पाहा. तिच्यातही शिकण्यासारखं पुष्कळ असतं. मात्र दिग्दर्शकाच्या कामाबद्दल मत बनवायचं असेल, तर ते मूळ लांबीचा आणि मूळ चौकटीतला चित्रपट पाहूनच बनवा.