स्त्रियांचे उपवास : लाभ कोणाला, धोका कोणाला?

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात महाराष्ट्रातील अनेक घरांत स्त्रियांचे उपवास वाढतात. श्रावणी सोमवार, हरितालिका, नवरात्र आणि संकष्टी यांच्या जोडीला आता आणखी एक प्रकार आला आहे. दिवसातील आठ तासांतच आहार घ्यायचा व उरलेले सोळा तास पाण्यासारख्या पेयांखेरीज काही घ्यायचे नाही, अशा ‘इंटरमिटंट फास्टिंग’विषयी आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारणा होते. म्हणून आमचे हितचिंतक, रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी ही माहिती येथे देत आहोत.

जेवणानंतर काही तास शरीराला साखर अन्नातून मिळते. पुढे यकृतातील ग्लायकोजेनचा साठा कामी येतो व साधारणतः बारा ते चोवीस तासांत तो संपत येतो. इन्शुलिनची पातळी उतरते, चरबी वापरली जाऊ लागते आणि तिच्यापासून बनणारी कीटोन द्रव्ये मेंदूला व स्नायूंना इंधन पुरवतात. निरोगी, सुपोषित स्त्रीचे शरीर हा बदल सहसा सहज पेलते.

मग लाभ किती? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका अभ्यासात १३९ स्थूल स्त्रीपुरुषांना वर्षभर कमी उष्मांकाचा आहार घेण्यास सांगितले होते. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता. दुसऱ्या गटाला वेळेचे बंधन नव्हते. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ८.० किलो, तर दुसऱ्याचे ६.३ किलो घटले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक लक्षणीय ठरला नाही. म्हणजे मुख्य गुण बेताच्या आहाराचा आहे. घड्याळ हे तो पाळण्याचे एक साधन. वजन जास्त असलेल्या व पीसीओएसने त्रस्त असलेल्या स्त्रियांचे वजन पाच ते दहा टक्के उतरले, तरी पाळीच्या नियमिततेत सुधारणा होऊ शकते. ज्यांना हे साधन सोयीचे वाटते, त्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याने अवश्य वापरावे.

आपल्याकडील उपवासाची अडचण निराळी आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ; त्यात प्रथिने नगण्य असतात. तूप, बटाटा व साखर यांच्या जोडीने उपवासाच्या दिवशी उष्मांक वाढतात, पोषण मात्र घटते. त्याऐवजी राजगिरा, दूध, ताक, शेंगदाणे, काकडी व फळे यांना ताटात अधिक स्थान द्यावे.

याहून गंभीर प्रश्न रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अनेक घरांत गृहिणी सर्वांत शेवटी जेवते व उरलेसुरले वाटणीला घेते. मुळातच रिकाम्या राहिलेल्या शरीरावर उपवासाची भर पडली, की चक्कर, धाप व थकवा यांना आमंत्रण मिळते. आहार दीर्घकाळ अपुरा राहिल्यास मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी चुकू लागणे ही उपवास थांबवून तपासणी करून घेण्याची खूण समजावी.

गर्भवती व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुली, कमी वजनाच्या वा अशक्त स्त्रिया आणि आहारविषयक मानसिक विकार असलेल्या स्त्रिया यांनी दीर्घ उपवास करू नयेत. गरोदरपणात कीटोन द्रव्ये लवकर साचतात. निर्जळी उपवास तर टाळावाच. पन्नाशीनंतर स्नायू व हाडे झिजू लागतात, त्यामुळे त्या वयात आहार कमी करताना प्रथिने कमी होऊ देऊ नयेत.

मधुमेही स्त्रियांनी विशेष सावध राहावे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांसह दीर्घ उपवास केल्यास कीटोन द्रव्ये वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. मात्रा स्वतःहून बदलू नये. सणापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. थरथर, घाम किंवा गोंधळल्यासारखे झाल्यास, अथवा साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास, तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडातून काहीही न देता तत्काळ रुग्णालयात आणावे. रक्तदाब, थायरॉइड व अपस्मार यांच्या गोळ्या व्रतासाठी परस्पर बंद करू नयेत.

श्रद्धेच्या विषयात हस्तक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. आजारी व गर्भवती व्यक्तींना व्रतात सवलत देण्याची रीत आपल्या घरांतून पूर्वापार चालत आली आहे. अडचण एवढीच, की स्त्री ती सवलत स्वतःसाठी क्वचितच मागते. म्हणून आमची विनंती कुटुंबीयांना आहे : उपवासाआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्या दिवशीचा स्वयंपाक वाटून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पान तिचे मांडा.