पान बदललं तरी वाट चुकणार नाही

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत गेली काही वर्षं मी संगणकावर उतरवतो आहे. कुलवृत्तांत कोणी कादंबरीसारखा सलग वाचत नाही. एका शाखेतला मुलगा दुसऱ्या शाखेत दत्तक गेला, की वाचणाराही त्याच्यामागून तिकडे जाऊ पाहतो. अशा जागी 'पृष्ठ १४३ पाहा' असं हातानं लिहून ठेवलं, आणि पुढे मध्येच नव्या पिढीची चार नावं घातली, की मजकूर सरकतो. मग १४३चं १४४ होतं आणि वाचणारा भलत्याच घरात शिरतो!

उपाय सोपा आहे. खूण पानाला करायची नाही, मजकुराला करायची. शब्दावर टिचकी मारून दुसऱ्या मजकुराकडे जाण्याची किमया डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे करून दाखवली होती. आज ती आपल्या 'वर्ड'मध्ये आहे.

जिथे पोहोचायचं, तो मजकूर निवडा. 'इन्सर्ट'मधून 'बुकमार्क' उघडा, नाव द्या आणि 'ॲड' म्हणा. नावाची सुरुवात अक्षरानं हवी, मध्ये मोकळी जागा नको. आता जिथून निघायचं ते शब्द निवडून 'कंट्रोल' आणि 'के' या कळा एकत्र दाबा. 'प्लेस इन धिस डॉक्युमेंट'मध्ये तेच नाव निवडा. झाला दुवा तयार! 'कंट्रोल' दाबून त्यावर टिचकी मारली, की थेट त्या जागी. परतायला 'ऑल्ट' आणि डावा बाण.

प्रत्येक शाखेच्या शीर्षकाला 'हेडिंग १' ही शैली दिली, तर 'रेफरन्सेस'मधून टिचकीसरशी उघडणारी अनुक्रमणिकाही मिळते. मजकूर वाढला, की 'अपडेट टेबल' करायला मात्र विसरू नये.

आता प्रश्न राहतो कागदावर वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांचा. कागदावर टिचकी कशी मारणार? त्यांच्यासाठी 'क्रॉस रेफरन्स' वापरून त्या बुकमार्कचा पृष्ठ क्रमांक घालावा. छापण्यापूर्वी सगळा मजकूर निवडून 'एफ ९' दाबलं, की हे आकडे आपोआप दुरुस्त होतात.

एक सावधगिरी घ्या. खूण केलेला मजकूरच खोडला, तर खूणही जाते. म्हणून नावं दुरुस्त केल्यावर प्रत्येक दुवा एकदा तपासावा. दत्तक गेलेल्या मुलाचं जन्मघर पुढच्या पिढीला सापडायला हवं, तर एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.