खाजकुयली, कंपवात आणि आपली जबाबदारी

डहाणू व तलासरी तालुक्यांच्या जंगलपट्टीत खाजकुयलीचा वेल कोणाला ओळखून दाखवावा लागत नाही. पावसाळ्यात झाडाझुडपांवर चढलेला हा वेल थंडीच्या दिवसांत शेंगांनी लगडतो, आणि शेंगांवरची पिंगट लव अंगाला लागली की माणूस हैराण होतो. आपल्या ग्रंथांनी याच वनस्पतीला आत्मगुप्ता, कपिकच्छू अशी नावे दिली. बल्य, बृंहण, वृष्य व वातशामक म्हणून तिचे बीज आपण नित्य वापरतो. मेंदूतील चेतापेशींच्या संशोधनात या बीजाला मानाचे स्थान मिळाले आहे. त्यासोबत आपणा वैद्यांवर आणि औषधालय चालविणाऱ्यांवर एक जबाबदारीही आली आहे. तिचा विचार येथे करीत आहोत.

कृष्णवर्णी पेशींचा ऱ्हास

वेपथु ही चरकाचार्यांनी ८० नानात्मज वातविकारांत गणली आहे. पाश्चात्त्य वैद्यकात जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन केले. मध्यमस्तिष्कात काळसर चेतापेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामाइन हे द्रव्य निर्माण करून आपल्या लांब तंतूंवाटे हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना पुरवितात. कंपवातात नेमक्या याच पेशी हळूहळू नष्ट होतात आणि उरलेल्या पेशींत अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या आढळतात. हाताचा कंप, अंगाचा ताठरपणा, मंदावलेली चाल ही लक्षणे दिसू लागेपर्यंत या पेशींचा मोठा भाग गेलेला असतो.

दोन वनस्पतींची साक्ष

या शोधाच्या दोन्ही टोकांना आपल्याच वनस्पती उभ्या आहेत. सर्पगंधेतून १९५२ साली रिसर्पिन वेगळे करण्यात आले. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी प्राण्यांना ते दिले तेव्हा प्राणी निश्चल झाले. एल-डोपा देताच ते पुन्हा हालू लागले. हे निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध झाले व २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेच एल-डोपा दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच कपिकच्छूच्या बीजातून वेगळे केले होते. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामाइन बनते.

पुढे मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांवरील कपिकच्छू-चिकित्सेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ साली ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांचा अभ्यास आला. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या तुलनेत बीजचूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला व अधिक वेळ टिकला. संख्या लहान आहे, हे विसरता कामा नये. शिवाय या बीजाने डोपामाइनची उणीव भरून निघते. मरणाऱ्या पेशी वाचतात असे सिद्ध झालेले नाही. रुग्णाला तसे सांगणे ही फसवणूक ठरेल.

एक अनुभव

तलासरीकडील एका पाड्यावरचे वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आणले गेले. रात्री त्यांना घरात परकी माणसे दिसत, हातपाय आपोआप वळवळत. घरच्यांनी आधी भगताला विचारले होते. चौकशीअंती कळले की, मोठ्या रुग्णालयाने दिलेल्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू असतानाच, बाजारातून आणलेले कपिकच्छूचे चूर्ण ते दूध घालून चमच्या-चमच्याने घेत होते. पुडीवर ना मात्रा, ना नाव. दोन्हीकडून एकच द्रव्य पोटात जात होते, आणि गोळीतील कार्बिडोपा चूर्णातील एल-डोपाचाही प्रभाव वाढवीत होते. आम्ही चूर्ण थांबविले, गोळ्यांना हात लावला नाही आणि त्यांच्या तज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. थोड्या दिवसांत रात्रीचे भास ओसरले.

आम्हाला बोचले ते एवढेच, की चूर्ण विकणाऱ्याने एक प्रश्न विचारला असता तर हे टळले असते.

पाळावयाची पथ्ये

बीजात एल-डोपा साधारण ४ ते ६ टक्के असते. म्हणजे १० ग्रॅम चूर्णात ४०० ते ६०० मिलिग्रॅम. वाण व साठवणीप्रमाणे त्यात फरक पडतो. म्हणून घाऊक माल घेताना जंगली व लागवडीचे बीज मिसळू नये, घटकप्रमाण तपासून घ्यावे. गोदुग्धात स्वेदन करून टरफल काढण्याचा शोधनविधी टाळू नये. मोझांबिकमध्ये १९८९ साली हे बीज खाऊन दोनशेहून अधिक लोकांना उन्मादाची लक्षणे झाली. उकळलेले पाणी टाकून देण्याची तेथील जुनी रीत टंचाईत सुटली होती.

कंपवाताच्या रुग्णाला प्रथम विचारावे : कोणत्या गोळ्या चालू आहेत? त्या एकाएकी बंद करू नयेत. तीव्र ज्वर व ताठरपणा येऊन प्राणावर बेतू शकते. मनोविकाराची औषधे घेणाऱ्यास कपिकच्छू देऊ नये. झोपेसाठी वा रक्तदाबासाठी कंपवाताच्या रुग्णास सर्पगंधा तर मुळीच नको. कार्लसन यांच्या प्राण्यांना तिनेच निश्चल केले होते.

आपल्या पाड्यांवर थरथरणारा हात अजूनही वार्धक्याचा भाग मानला जातो. तो प्रथम पाहणारा वैद्य बहुधा आपणांपैकीच असतो. खाजकुयली आपल्या रानातली आहे. तिच्या मात्रेचा हिशोबही आपल्याच वहीत असावा.