एक शब्द न बोलता!

रोमॅन्स म्हटला की डायलॉग हवेतच, असं माझं ठाम मत होतं. ज्युलिएट मॅरिलियरच्या ‘डॉटर ऑफ द फॉरेस्ट’ (१९९९) या कादंबरीनं ते पार मोडीत काढलं. मध्ययुगीन आयर्लंड. सावत्र आई सोरखाच्या सहा भावांना हंस करून टाकते. उतारा एकच: काटेरी झाडाचं सूत कातून सहा सदरे बनवायचे आणि तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही! हंस झालेल्या लिरच्या चार मुलांची आयरिश दंतकथा इथे ग्रिम बंधूंच्या परीकथेला येऊन मिळते.

अशात तिला भेटतो रेड, शत्रूपक्षातला ब्रिटन. तो हरवलेल्या भावाच्या शोधात आहे. सोरखाला त्याची खबर ठाऊक आहे, पण सांगणार कशी? बोलली, की भाऊ गेलेच! रेड वैतागतो आणि तरी तिच्या पाठीशी उभा राहतो. दिवसभर मेसेज टाकूनही ‘तू मला समजूनच घेत नाहीस’ म्हणणाऱ्या मला हे चांगलंच झोंबलं.

नायिकेवरच्या अत्याचाराचा प्रसंग मात्र अंगावर येतो, तेवढी तयारी ठेवा. बाकी वीकेंडला फोन सायलेंटवर टाका आणि वाचाच.