वेबसर्व्हरच्या अंतरंगात : ‘फाइंड-माय-वे’ आणि राउटिंगचा वेग

सर्व्हरवर रिक्वेस्ट आली की तिचा पत्ता पाहून ती कोणत्या फंक्शनकडे सोपवायची, हे राउटर ठरवतो. हे काम प्रत्येक रिक्वेस्टला करावे लागते, आणि तेही खरे काम सुरू होण्याआधी. नोडमध्ये जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते. त्यामुळे राउटर रेंगाळला तर मागे थांबलेल्या सगळ्याच रिक्वेस्ट खोळंबतात.

२०१० मध्ये आलेल्या एक्स्प्रेस या लोकप्रिय फ्रेमवर्कने सोपा मार्ग पत्करला. प्रत्येक राउटचे रूपांतर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये करायचे आणि आलेला पत्ता नोंदणीच्या क्रमाने एकेका राउटशी ताडून पाहायचा. दहा-वीस राउट असतील तोवर हे पुरते. शेकडो राउट झाले की यादीच्या तळाशी असलेल्या राउटला आधीच्या सगळ्या तपासण्यांचा भुर्दंड बसतो. अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याला तर पूर्ण यादी पार करावी लागते.

‘फाइंड-माय-वे’ ही तोमास देल्ला वेदोवा यांची लायब्ररी यादीऐवजी रॅडिक्स ट्री वापरते. तोमास आणि मात्तेओ कोल्लिना या दोघा इटालियन प्रोग्रॅमरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या फास्टिफाय फ्रेमवर्कचा राउटर हाच आहे. तो फ्रेमवर्कशिवाय, नोडच्या मूळ एचटीटीपी सर्व्हरवर थेटही बसवता येतो. या जातीच्या वृक्षरचनेचे वर्णन डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ मध्येच केले होते. मुद्दा एवढाच, की पत्त्यांचा समान आरंभ एकदाच साठवायचा आणि ते जिथे वेगळे होतात तिथेच फांदी काढायची.

समजा, चार राउट आहेत : ‘/पुस्तके’, ‘/पुस्तके/नवी’, ‘/पुस्तके/:क्रमांक’ आणि ‘/पुस्तकालये’. चौघांचा समान आरंभ ‘/पुस्तक’ हा वृक्षाचा पहिला सांधा होतो. युनिकोडमध्ये मात्रा आणि काना हे स्वतंत्र संकेत असल्यामुळे फांदी थेट ‘क’नंतर फुटते : एकीकडे ‘े’, दुसरीकडे ‘ालये’. ‘े’च्या पुढे तिरकी रेघ, आणि तिच्यानंतर दोन पर्याय : ‘नवी’ हा स्थिर शब्द किंवा ‘:क्रमांक’ हा बदलता भाग. ‘/पुस्तके/४२’ आले की स्थिर फांदी पहिल्याच अक्षराला नाकारली जाते आणि क्रमांकात ‘४२’ ही स्ट्रिंग येते. ‘/पुस्तके/नवीन’ची वाट अधिक रंजक आहे. शोध आधी ‘नवी’मध्ये शिरतो, उरलेल्या ‘न’साठी पुढे वाट नाही हे दिसताच मागे फिरतो आणि ‘नवीन’ हा अख्खा शब्द क्रमांक म्हणून घेतो.

यातून दोन गोष्टी साधतात. शोधाचा वेळ राउटच्या संख्येपेक्षा पत्त्याच्या लांबीवर ठरतो. शिवाय राउट कोणत्या क्रमाने लिहिले याला महत्त्व उरत नाही : स्थिर आधी, मग बदलता, सर्वांत शेवटी तारांकित ‘काहीही चालेल’ राउट, हे लायब्ररीच ठरवते. एक्स्प्रेसमध्ये ‘:क्रमांक’चा राउट आधी लिहिला गेला तर तो ‘नवी’ला गिळून बसतो, आणि ही चूक शोधताना चांगले अनुभवी लोकही वैतागतात. वेगाइतकाच हा फायदाही मोलाचा आहे.

वापर सुटसुटीत आहे. ‘ऑन’ या मेथडला एचटीटीपी पद्धत, पत्ता आणि हँडलर दिला की राउट नोंदला जातो. तोच राउट पुन्हा नोंदला तर सर्व्हर सुरू होतानाच एरर येतो. रिक्वेस्ट आली की ‘लुकअप’ हँडलर शोधून चालवतो. ‘फाइंड’ मात्र हँडलर आणि पॅरामीटर फक्त हाती देतो, काही सापडले नाही तर ‘नल’ परत करतो. टेस्ट लिहिताना तो सोयीचा पडतो. शेवटची तिरकी रेघ मुळात अर्थपूर्ण मानली जाते. ‘/पुस्तके’ आणि ‘/पुस्तके/’ एकच धरायचे असतील तर तसा पर्याय चालू करावा लागतो. होस्ट किंवा आवृत्तीचा हेडर पाहून एकाच पत्त्याला वेगवेगळे हँडलर देण्याचीही सोय आहे.

देवनागरी पत्ते वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्राउझर असा पत्ता टक्केचिन्हांच्या रूपात पाठवतो. देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा असल्यामुळे नुसत्या ‘पु’साठी १८ चिन्हे जातात. लायब्ररी हा पत्ता आधी उलगडते आणि मगच ताडून पाहते, त्यामुळे राउट सरळ देवनागरीत लिहिता येतो.

रेग्युलर एक्स्प्रेशनमधून मात्र पूर्ण सुटका नाही. ‘:क्रमांक’ फक्त अंकांचाच हवा अशी अट घालता येते, किंवा ‘:अक्षांश-:रेखांश’सारखे दोन पॅरामीटर एकाच तुकड्यात बसवता येतात. अशा जागी आतून एक्स्प्रेशनच चालते. वाईट रचनेचे एक्स्प्रेशन मुद्दाम बेतलेल्या लांब पत्त्यावर सर्व्हरला बराच वेळ अडकवून ठेवू शकते. त्यासाठीच पॅरामीटरच्या लांबीवर मुळात १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि धोकादायक एक्स्प्रेशन नोंदणीच्या वेळीच नाकारले जाते. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये एक दोष जाहीर झाला : एका तुकड्यात दोन पॅरामीटर आणि शेवटी संयोगचिन्ह असेल, तर लायब्ररी स्वतःच घातक एक्स्प्रेशन तयार करत होती. ८.२.२ आणि ९.०.१ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. फास्टिफाय वापरणाऱ्यांकडे ही लायब्ररी आपोआप येते, त्यामुळे तिची आवृत्ती सहसा कोणी पाहत नाही. आपल्या प्रोजेक्टमध्ये ‘एनपीएम एलएस फाइंड-माय-वे’ ही कमांड चालवून ती आजच पाहून घ्यावी.