पान्हा, कुत्रा आणि दुकानाचा उंबरा

राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली जनावरं तिथे एका रांगेत बांधलेली असतात. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, आणि खूर काळे, दगडासारखे टणक. या जातीची कातडी तेलकट असते, तिच्यातून स्राव पाझरतो आणि पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही. घाटघरच्या बाजूला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथल्या भातखाचरात दिवसभर राबायचं तर असंच अंग हवं.

अशा प्रदर्शनात एक गोष्ट जरूर बघा. भोंगा वाजतोय, अनोळखी माणसं अंगाला घासून जातायत आणि एखादा वळू बिथरायच्या बेतात आलाय. मालक ओरडत नाही, मारत नाही. तो गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवरून हात फिरवायला लागतो, सावकाश, वरून खाली. थोड्या वेळात वळू मान लांब करतो, पापण्या मिटत आणतो आणि त्याचा श्वास संथ होतो. आता मालकाकडे बघा. खांदे त्याचेही सैल पडलेले असतात!

इथे कोणी कोणाला शांत केलं?

सध्या जगभर गाजणाऱ्या एका वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मनाच्या आधारासाठी पाळलेला प्राणी, मग तो कुत्रा असो की मांजर, माणसाने दुकानात बरोबर न्यावा की नाही? वाद ऐकला की वाटतं, हे मोठ्या शहरांतलं प्रकरण आहे, राजूरच्या बाजारपेठेशी त्याचा काय संबंध? पण या आधाराचं शरीरशास्त्र नीट समजून घ्यायला गोठ्याइतकी चांगली जागा नाही.

गाईची धार काढताना पाहिलं असेल तर आठवा. आधी वासरू सोडतात, ते कासेला ढुसण्या देतं, मग सड धुतात, चोळतात. हे सगळं कशासाठी? कासेतलं बहुतेक दूध खाली सडाजवळ साठलेलं नसतं. ते वर, अतिशय बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं आणि नुसतं ओढून खाली येत नाही. सडाच्या कातडीला स्पर्श झाला की निरोप मज्जातंतूंतून मेंदूत जातो. मेंदूच्या तळाशी लोंबणारी पीयूष ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सोडते. ते रक्तातून कासेपर्यंत पोचतं, तिथल्या पिशव्यांभोवतीच्या सूक्ष्म स्नायूपेशी आवळल्या जातात आणि दूध खाली उतरतं. एवढ्या प्रवासाला एक-दोन मिनिटं पुरतात. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो.

आणि गाय घाबरलेली असेल तर? हात अनोळखी असेल, शेजारी कुत्रं भुंकत असेल, तर तिच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं, ऑक्सिटोसिनचं काम अडतं आणि दूध वरच राहतं. गाय दूध चोरते असं आपण म्हणतो. बिचारी चोरत नाही. भीतीने तिच्या शरीराचं दारच बंद झालेलं असतं.

हे ऑक्सिटोसिन म्हणजे जेमतेम नऊ अमिनो आम्लांची साखळी. व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. आता खरी गंमत ऐका. डांगी गाईच्या रक्तातली ही साखळी, बाळाला पाजणाऱ्या बाईच्या रक्तातली साखळी आणि दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्रीच्या रक्तातली साखळी, तिन्ही एकसारख्या आहेत. नऊच्या नऊ कड्या जुळतात! कोट्यवधी वर्षांपूर्वी या प्राण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण आईला पिल्लाशी बांधणारा हा रेणू बदलला नाही.

म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांत मायेची तार जुळायची तर सामान दोघांकडे आधीपासून तयार आहे. ती जुळते का, हे जपानमधल्या अझाबु विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं आणि २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. त्यांनी माणसं आणि त्यांचे कुत्रे अर्धा तास एका खोलीत ठेवले आणि आधी-नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. ज्या जोड्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहिलं, त्यांच्यात ते दोघांचंही वाढलं होतं. माणसाने हाताने वाढवलेले लांडगेही त्यांनी तपासले. लांडगे मालकाच्या डोळ्यांत फारसे पाहतच नाहीत, त्यामुळे तिथे हे काही घडलं नाही.

पुढचा प्रयोग तर थक्क करणारा आहे. कुत्र्यांच्या नाकात त्यांनी ऑक्सिटोसिन फवारलं. माद्या मालकाकडे जास्त वेळ बघत राहिल्या, आणि मग मालकांचं ऑक्सिटोसिन वाढलं. लक्षात घ्या, मालकांना काहीही दिलेलं नव्हतं. औषध कुत्रीच्या नाकात आणि परिणाम माणसाच्या शरीरात, मधे फक्त नजर!

स्पर्शाची गोष्ट याहून नवलाची आहे. आपल्या कातडीत झटपट निरोप नेणारे मज्जातंतू असतात, बोट कशाला लागलं हे ते क्षणात कळवतात. पण केसाळ कातडीत दुसरेही तंतू असतात. त्यांचा निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो, म्हणजे माणसाच्या चालीने. निसर्गाने असे रेंगाळणारे तंतू ठेवले तरी कशाला? तर सावकाश कुरवाळलेलं टिपायला. सेकंदाला तीनेक सेंटिमीटर वेगाने हात फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात. घाईने फिरवलं तर नाही, नुसतं दाबून ठेवलं तरी नाही. आणि हे तंतू पहिल्यांदा सापडले कुठे? मांजरीत. स्वीडनच्या इंग्वे झोटरमनने १९३९ मध्ये त्यांची नोंद केली. माणसात ते सापडायला आणखी अर्धं शतक लागलं. राजूरच्या वळूच्या मालकाला झोटरमन ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याचा हात बरोबर त्याच वेगाने फिरत असतो.

यात एक छोटी मेख आहे. आपल्या तळहातावर हे तंतू जवळपास नसतात. मग कुत्र्याला कुरवाळताना ते सुख कोणाच्या कातडीत जागं होतं? कुत्र्याच्या! आपल्याला मिळतं ते त्याच्या नजरेतून, अंगाला टेकलेल्या त्याच्या उबेतून, त्याच्या संथ होत गेलेल्या श्वासातून. शांत झालेला प्राणी माणसाला शांत करतो. हा क्रम लक्षात ठेवा, दुकानाच्या दारात तो कामाला येणार आहे.

हे सगळं भावुकपणाचं बोलणं नाही, मोजलेलं आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळू दिलं, काहींना ते नुसतं लांबून पाहू दिलं, काहींना फक्त चित्रं दाखवली, काहींना ताटकळत ठेवलं. नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. कुरवाळणाऱ्यांचं ते इतरांपेक्षा कमी होतं. या दिशेने डॉक्टरी विचार सुरू केला तो न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ज्ञाने. कोणाशीच न बोलणारं मूल त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी बोलायला लागलं, हे त्याने पाहिलं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांपुढे मांडलं. तेव्हा त्याची थट्टा झाली.

आता दुकानाच्या दाराशी येऊ.

अमेरिकेत प्राण्यांचे दोन वर्ग मानतात. एक, शिकवून तयार केलेला सेवक कुत्रा. तो अंध माणसाला रस्ता दाखवतो, फिट येण्याआधी इशारा देतो. त्याला दुकानात मज्जाव करता येत नाही. दुसरा, नुसत्या सोबतीने धीर देणारा प्राणी. त्याला खास शिक्षण लागत नाही. घर भाड्याने घेताना कायदा त्याला आधार देतो, पण दुकानात तो न्यायचा हक्क देत नाही. विमानात बरीच वर्षं सवलत होती, मग लोक काहीही आणू लागले. २०१८ च्या जानेवारीत न्यूअर्क विमानतळावर एक बाई आधाराचा प्राणी म्हणून चक्क मोर घेऊन आल्या. विमान कंपनीने त्याला चढू दिलं नाही. २०२१ पासून असे प्राणी चढू देण्याचं तिथल्या विमान कंपन्यांवरचं बंधनही गेलं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो, पण आधाराच्या प्राण्याचा असा वेगळा वर्ग नाही. जे स्पष्ट आहे ते खाद्यपदार्थांबद्दल: २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार जिथे अन्न बनतं वा हाताळलं जातं तिथे जनावरं, पक्षी, पाळीव प्राणी येऊ द्यायचे नाहीत. बाकी कापडाचं दुकान, लोखंडी सामानाचं दुकान, खत-बियाण्यांचं दुकान मालकाच्या मर्जीवर. ही मर्जी किती उदार असू शकते हे मुंबईच्या बॉम्बे हाउसने दाखवलं. टाटा समूहाच्या त्या मुख्य कचेरीत भटक्या कुत्र्यांना पूर्वीपासून थारा होता. २०१८ मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खोलीच बांधली. रतन टाटांचं ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झालं तेव्हा ‘गोवा’ नावाच्या त्यांच्या कुत्र्यालाही अंत्यदर्शनाला आणलं होतं.

मग काय, सगळी दारं उघडायची? थांबा. कुत्र्याच्या नाकाचं ऐकून घ्या.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ३६ माणसांना अवघड गणितं घातली आणि आधीचा निवांत आणि नंतरचा ताणलेला, असे त्यांच्या घाम-श्वासाचे नमुने घेतले. चार कुत्र्यांना ते हुंगायला दिले. ताणाचा नमुना त्यांनी ९३.७५ टक्के वेळा अचूक ओळखला. हे २०२२ चं. घाबरलेल्या माणसाला वास येतो, आणि तो कुत्र्याला कळतो! पण कळणं फुकट नसतं. स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये कुत्र्यांच्या आणि मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल तपासलं. केसात महिन्यांचा हिशेब साठलेला असतो. मालकिणीचा ताण जास्त, तिथे कुत्र्याचाही जास्त. एका जूला जुंपलेल्या बैलांपैकी एक अडखळला की दुसऱ्याच्या मानेलाही हिसका बसतो, तसंच हे.

म्हणजे गर्दीच्या दुकानात मालक धास्तावलेला आहे, कुत्रा त्याचा ताण हुंगतोय, वर गोणी आपटल्याचा आवाज आणि अनोळखी पाय. अशा वेळी कुत्रा स्वतःच घाबरला तर तो आधार कसला देणार? शांत प्राणीच शांत करतो, हा क्रम आपण वर पाहिला. प्राणी बरोबर हवा अशी चिठ्ठी माणसाच्या डॉक्टरने दिली असेल, पण दुकानातला निर्णय प्राण्याच्या अंगाकडे पाहून व्हायला हवा.

दुकानात इतरही माणसं असतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि आपल्या देशात तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. कुत्रा दिसताच आईच्या मागे लपणाऱ्या मुलाची भीती खरी आहे, तिला हसू नये. दम्याच्या माणसाचंही खरं आहे. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, ते इतकं हलकं की तासन्‌तास हवेत तरंगतं आणि कपड्यांना चिकटतं. ज्या वर्गात मांजर कधी गेलं नाही, तिथल्या धुळीतही ते सापडलं आहे. मुलं घरून अंगावर घेऊन आलेली! तेव्हा दुकानदाराने मांजराला कितीही अडवलं, तरी गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावरून ते थोडंफार आत आलेलंच असतं.

माझं मत विचाराल तर, अंधाच्या शिकवलेल्या कुत्र्याला कोणी अडवू नये. किराणा, मिठाई, हॉटेल इथे आधाराच्या प्राण्याने बाहेर थांबावं, नियमही तेच सांगतो. बाकीच्या दुकानांत दोरीने धरलेला, रेबीजची लस टोचलेला, निवांत प्राणी असेल तर येऊ द्यावा, पण आत कोणी बिचकत असेल तर त्याचा शब्द आधी मानावा. मन खचलेला माणूस बऱ्याच महिन्यांनी घराबाहेर पडून साडीच्या दुकानापर्यंत आला असेल आणि ते बळ त्याला पायाशी बसलेल्या कुत्र्याने दिलं असेल, तर तो कुत्रा आत आल्याने दुकानाचं काही बिघडत नाही.

आणि दुकानदारदादा, कागद मागण्याआधी कुत्र्याकडे बघा. शेपूट पोटाखाली गेलीय, पुन्हापुन्हा ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, डोळ्यांचं पांढरं दिसतंय? मग तो घाबरलाय. दोघांनाही ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि सामान तिथेच आणून दाखवा.